टेम्पोच्या काचेवरची चिठ्ठी कोणाच्या नावावर आहे?

मालेगावचे आमचे एक परिचित यंत्रमागधारक आहेत. वयाने ज्येष्ठ असल्यामुळे सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, म्हणून आम्हीही येथे चाचाच म्हणू. चोवीस मागांचा कारखाना, दोन मुले हाताशी आणि माल बहुतेक भिवंडीला. पूर्वी ते ट्रान्सपोर्टवाल्याकडे गासड्या टाकीत असत. भाडे वाढत गेले, माल दोन-दोन दिवस गोदामात पडून राहू लागला, तेव्हा २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी एका एजंटामार्फत जुना टेम्पो विकत घेतला. आरसी बुक रीतसर आपल्या नावावर करून घेतले, विमा बदलला, फिटनेसची तारीख पाहिली. पुढच्या काचेवर फास्टॅग चिकटवलेलाच होता. एजंट म्हणाला, "चाचा, टॅग लागलेलाच आहे. गाडीचा नंबर टाकून पैसे भरत जा, बस्स."

पाच-सहा महिने तसेच चालले. थोरला मुलगा मोबाइलवरून गाडीचा नंबर टाकून पैसे भरी आणि टेम्पो बिनबोभाट जाई-येई. मग पावसाळ्यातल्या एका बुधवारी रात्री टेम्पो ग्रे कापडाचे तागे घेऊन निघाला आणि महामार्गावरील एका नाक्यावर दांडा वर जाईना. खिडकीतल्या मुलाने सांगितले, टॅग बंद आहे, रोख दुप्पट भरा. ड्रायव्हरने मालकाला फोन लावला. मुलाने झोपेतून उठून घाईघाईने आणखी पैसे भरले, तरी दांडा जागचा हलेना. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. शेवटी ड्रायव्हरने खिशातले पैसे दिले आणि पुढच्या प्रत्येक नाक्यावर तसेच दुप्पट देत गेला. एका ठिकाणी पैसे संपले, तेव्हा ओळखीच्या ढाब्यावरून उसने घेतले. गुरुवारी सकाळी नऊला पोहोचायचा माल दुपारनंतर पोहोचला, तोपर्यंत व्यापारी निघून गेला होता. तो शुक्रवारी गोदाम उघडत नाही. माल शनिवारी उतरला आणि पैसे त्याहून पुढे गेले. इकडे कारखान्यात मात्र शुक्रवारी माग बंद म्हणून गुरुवारीच कामगारांचा हप्ता द्यायचा होता.

चाचांनी नंतर एका जुम्याला नमाजीनंतर आम्हाला गाठले आणि विचारले, "पैसे मी भरले, गाडी माझी, मग टॅग बंद करणारा कोण?" उत्तर शोधताना जे कळले ते आमच्या अनेक कारागीर व व्यापारी बांधवांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

चिठ्ठीत पैसे नसतात

फास्टॅग म्हणजे काचेवर आतून चिकटवायची एक चिठ्ठी. तिच्यात बॅटरी नसते आणि पैसेही नसतात. आत एक बारीक चिप आणि धातूची पातळ अँटेना असते आणि त्या चिपमध्ये एक क्रमांक. नाक्यावर वरच्या बाजूला बसवलेले यंत्र रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींच्याच जोरावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. यंत्र तो क्रमांक नाक्याच्या बँकेकडे देते. ती बँक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे ज्यांच्या मार्गाने यूपीआयचे पैसे फिरतात त्याच संस्थेमार्फत, टॅग देणाऱ्या बँकेकडे पैसे मागते. ती बँक त्या क्रमांकाच्या खात्यातून रक्कम कापते आणि खात्यावर नोंदलेल्या मोबाइलवर संदेश पाठवते.

खात्यावर नोंदलेल्या मोबाइलवर, हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. गाडी कोणाची, पैसे कोणी भरले, हे नाक्याच्या यंत्राला कळत नाही. चाचांच्या टेम्पोवरचा टॅग जुन्या मालकाच्या खात्याचा होता. सहा महिने चाचा दुसऱ्याच्या पाकिटात पैसे टाकीत होते. मोबाइलवर पैसे भरताना खातेदाराचे नाव समोर दिसते, पण ते मुलाने एकदाही वाचले नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले.

जुना मालक नाशिककडचा भाजीपाल्याचा व्यापारी निघाला. चाचांनी त्याला जरा तावातावानेच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, मी गाडी विकली, पण नाक्याच्या हिशेबात ती अजून माझीच होती. रात्री दोन-दोन वाजता मला संदेश येतात, अमुक नाक्यावर इतके कापले. उद्या त्या गाडीने काही केले तर पहिला फोन मलाच येईल. म्हणून मी बँकेत जाऊन टॅग बंद केला." शिल्लक रक्कम आणि अनामत दोन्ही त्याच्या खात्यात परत गेली होती. त्यातील चाचांनी भरलेली शिल्लक त्याने दुसऱ्याच दिवशी चाचांना पाठवली. माणूस भला म्हणून पैसे मिळाले. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच, याची हमी कोण देणार?

जुनी गाडी घेताना आणि विकताना

आपल्या लोकांत कोरी गाडी घेणारे थोडे, जुनी घेणारे फार. १ डिसेंबर २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकी गाड्यांना टॅग लावूनच देण्याचा नियम झाला, त्यामुळे बाजारातील बहुतेक जुन्या गाड्यांच्या काचेवर कोणाचा ना कोणाचा टॅग असतोच. तो गाडीबरोबर मिळाला असे समजणे ही मुळातली चूक. बॅटरी, स्टेपनी, जॅक हे गाडीबरोबर येते. टॅग हे बँकेतले खाते आहे, आणि खाते कोणी कोणाला विकत नाही.

तेव्हा सौदा ठरताना, बयाणा देण्यापूर्वीच, विकणाऱ्याला सांगावे की टॅग बंद करून त्याचा संदेश दाखव. २०२४ च्या एप्रिलपासून एका वाहनाला एकच टॅग हा नियम लागू झाला आहे. म्हणजे जुना टॅग त्या गाडीच्या नंबरावर चालू असताना नवा घ्यायला गेलात तर अडचण येते. चाचांच्या बाबतीत जुना आधीच बंद झाला होता, म्हणून नवा तीन दिवसांत हाती आला. विकणाऱ्याचाही यात फायदाच आहे, त्याची अनामत त्याला परत मिळते. एजंट यात आळस करतात, कारण त्यांचे कमिशन आरसी बुकाशी बांधलेले असते, टॅगशी नाही.

काचेवरची जुनी चिठ्ठी खरवडून काढून टाकावी. ती निघताना फाटते आणि पुन्हा उपयोगाची राहत नाही, तिची रचनाच तशी आहे. काही ड्रायव्हर टॅग काचेला न चिकटवता डॅशबोर्डवर ठेवतात आणि नाक्यावर हाताने धरून दाखवतात. एकच टॅग दोन गाड्यांना फिरवण्याचाही उद्योग काहींनी केला. महामार्ग प्राधिकरणाने २०२४ च्या जुलैत काचेला न चिकटवलेल्या टॅगवर दुप्पट आकारणीचे आदेश काढले आणि २०२५ च्या जुलैत असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे ठरवले. चारशे रुपये वाचवायला जाऊन गाडी अडकवून घेण्यात शहाणपण नाही.

नवा टॅग घेताना

टॅग बँका देतात. शाखेत, बँकेच्या संकेतस्थळावर, नाक्यांजवळच्या टपरीवजा काउंटरवर आणि काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. आरसी बुक, मालकाचे ओळखपत्र, पॅन आणि फोटो लागतो. पेढी भागीदारीत असेल तर पेढीचे कागद. आपण देतो त्या रकमेचे तीन भाग असतात. एक टॅगची किंमत, ती परत मिळत नाही. दुसरी अनामत, ती टॅग बंद केल्यावर परत मिळते. तिसरी वापरायची शिल्लक. काउंटरवरचा मुलगा एकच आकडा सांगतो, म्हणून पावतीवर हे तीन भाग वेगळे पाहून घ्यावेत.

मोबाइल नंबर आपला द्यावा, काउंटरवाल्याचा किंवा एजंटाचा नव्हे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. "तुम्ही कशाला त्रास घेता, माझाच टाकतो" असे म्हणणारे भेटतात, आणि मग ओटीपी त्यांच्याकडे, संदेश त्यांच्याकडे, आणि आपण पैसे भरणारे.

बँक कोणती घ्यावी, असे अनेकजण विचारतात. आमचे मत असे की जिच्या शाखेत आपण चालत जाऊन तोंडाने तक्रार सांगू शकतो ती. २०२४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या टॅगमध्ये नव्याने पैसे भरणे बंद झाले. शिल्लक होती तोवर टॅग चालले, नंतर लाखो लोकांना दुसरी बँक शोधावी लागली. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसे टॅगचे नाही. जुना बंद करायचा आणि नवा घ्यायचा.

व्याजाबाबत पत्राने विचारणाऱ्या वाचकांसाठी: टॅगच्या पाकिटात पडून असलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. टॅग थेट बचत खात्याला जोडून घेतला तर ते खाते जसे आहे तसे.

गाडीचा वर्ग

आता अशी गोष्ट सांगतो जी आम्हालाही हा लेख लिहायला घेईपर्यंत नीट ठाऊक नव्हती. टॅग देताना बँक गाडीचा वर्ग ठरवते आणि त्या वर्गाप्रमाणे नाक्यावर पैसे कापले जातात. वर्गानुसार टॅगचे रंगही वेगळे, मोटारीचा जांभळा. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत मोटार, जीप, व्हॅन व हलके वाहन या सर्वांत खालच्या दराच्या वर्गात मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची वाहने येतात. ७,५०० ते १२,००० किलोपर्यंतची वाहने त्यावरच्या, हलक्या व्यापारी वाहनांच्या वर्गात. त्यापुढे ट्रक.

म्हणजे ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, तो पिवळ्या पाटीचा असला, मालाने भरलेला असला, तरी टोलच्या हिशेबात मोटारीच्या दराचा मानकरी आहे. पण काउंटरवर प्रश्न येतो, "टेम्पो आहे ना?" आपण हो म्हणतो, आणि वरचा वर्ग नोंदला जातो. मग प्रत्येक नाक्यावर जास्तीचे पैसे, वर्षानुवर्षे. आरसी बुकात एकूण वजनाचा आकडा छापलेला असतो. तो बोट ठेवून दाखवावा आणि हाती आलेल्या टॅगचा वर्ग तिथेच तपासावा. उलट चूकही होते, मोठ्या गाडीला लहान वर्गाचा टॅग दिला जातो. त्यात काही दिवस फायदा वाटतो, पण नाक्यावर लक्षात आले की वाद, थांबवणूक आणि टॅग काळ्या यादीत.

येण्याजाण्याचा हिशेब

व्यापाऱ्याला खरा रस आहे तो येथे. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका नाक्याचा एका फेरीचा टोल शंभर रुपये धरू. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांच्या आत परतलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट द्यायचे असतात, म्हणजे जाताना शंभर आणि येताना पन्नास. रोखीच्या काळात त्यासाठी परतीची पावती मागावी लागे. टॅगमध्ये यंत्र स्वतःच वेळ पाहून कमी रक्कम कापते. पण त्याची घड्याळाशी दोस्ती पक्की आहे. पंचविसाव्या तासाला आलात तर पुन्हा पूर्ण शंभर.

मालेगावहून भिवंडीला जाताना चांदवड, पिंपळगाव बसवंत, घोटी आणि पडघा असे चार नाके लागतात. ड्रायव्हर माल उतरवून, जेवून, झोप काढून चोवीस तासांत मागे फिरला तर चारही ठिकाणी परतीचा टोल अर्धा. चाचांचा टेम्पो भिवंडीत परतीच्या भाड्याची वाट पाहत उभा राही आणि अनेकदा तास-दोन तासांनी ही सवलत हुकत असे. परतीचे भाडे मिळत असेल तर थांबणे योग्यच, पण चाळीस गोण्यांच्या किरकोळ भाड्यासाठी चार नाक्यांची सवलत घालवायची का, हे कागदावर मांडून पाहावे. चाचांच्या धाकट्या मुलाने ते मांडले, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा रिकामा टेम्पो वेळेत परतणे स्वस्त पडते असे निघाले.

दुसरी सवलत मासिक पासाची. एका नाक्यावर महिन्यात पन्नास फेऱ्यांचे दोन-तृतीयांश पैसे आधीच भरायचे. आपल्या शंभराच्या हिशेबाने ३,३३३ रुपये. रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला दिवसाला दीडशे पडतात, तेव्हा महिन्यात तेवीस दिवस किंवा जास्त जाणे असेल तरच पास परवडतो. नाक्याच्या पलीकडच्या गावात दुकान असलेल्या आणि रोज माल नेणाऱ्या माणसासाठी हा पास आहे. आठवडी बाजार करणाऱ्या, महिन्यात आठ-दहा दिवस जाणाऱ्या कारागिराने तो घेऊ नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

तिसरी सवलत फार थोड्यांना माहीत आहे. नाका ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यापारी वाहनाला, त्याला राष्ट्रीय परवाना नसेल तर, निम्मा दर असतो. नाक्यावरच्या मोठ्या दरफलकावर त्याचा वेगळा रकाना छापलेला असतो. पर्यायी रस्ता असेल तेथे ही सवलत लागू होत नाही, म्हणून फलक हाच शेवटचा शब्द. एमएच-४१ ची मालेगावची गाडी नाशिक जिल्ह्यातील नाक्यांवर जात असेल तर नाक्याच्या कार्यालयात आरसी बुक दाखवून एकदा विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

हे सारे राष्ट्रीय महामार्गांचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे आहेत, त्यांचे दर व सवलती निराळ्या. समृद्धीवर तर शिरताना नोंद होते आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे कापले जातात, त्यामुळे शिल्लक कमी असेल तर घोटाळा बाहेर पडताना कळतो. राज्याच्या नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला, तेव्हा काहींनी टॅग काढून टाकले. मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचायला वाटेत किती नाके आहेत, याचा विसर पडला असावा.

घरच्या मोटारीबद्दलही सांगून टाकू. १५ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने खासगी मोटार, जीप व व्हॅन यांच्यासाठी वार्षिक पास सुरू केला. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी, परतीची दुसरी. आधीचाच टॅग असेल तर त्याच्यावरच तो राजमार्गयात्रा या मोबाइल अॅपवरून किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येतो. दोन बंधने मात्र पक्की. हा पास पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाही आणि राज्याच्या रस्त्यांवर चालत नाही. टेम्पोवाल्यांना हा पास मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर तो ठग समजावा. बनावट संकेतस्थळेही निघाली आहेत.

मालक झोपलेला, ड्रायव्हर नाक्यावर

जुन्या काळात सेठ ड्रायव्हरच्या हाती टोलसाठी रोकड देत असे आणि परत आल्यावर पावत्यांचा हिशेब घेत असे. सुट्ट्यांच्या नावाखाली नाक्यावर चॉकलेटे हातात पडत, पावती वाऱ्याने उडून जाई आणि वीस रुपयांवरून दोघांत अविश्वास येई. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग सर्वांना सक्तीचा झाला, तसा तो वाद संपला. पण नवी तऱ्हा निघाली. शिल्लक किती आहे हे सेठच्या फोनवर, आणि दांड्यापुढे उभा ड्रायव्हर. त्याला काहीच माहीत नाही. शिल्लक संपली तर भोंगे आणि शिव्या त्याला, खिशातून पैसे त्याचे. चाचांच्या ड्रायव्हरने त्या रात्री दिलेले जास्तीचे पैसे कोणाचे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मुलाचे म्हणणे, त्याने मोठ्याने वाद घातला असता तर सोडले असते. चाचांनी त्याला गप्प केले आणि ड्रायव्हरला पैशापैशाने सारे चुकते केले, ढाब्याचे उसनेही.

रांगेत उभे राहून पैसे भरण्याचा भरवसा धरू नये. नाक्याच्या यंत्राकडे बंद टॅगांची यादी असते, आणि आपण पैसे भरले तरी आपले नाव त्या यादीतून उतरायला वेळ लागू शकतो. १७ फेब्रुवारी २०२५ पासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचा नियम असा की यंत्राने टॅग वाचण्यापूर्वी तासाभराहून अधिक आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांपर्यंत टॅग काळ्या यादीत असेल तर व्यवहार नाकारायचा. महामार्ग प्राधिकरणाने तेव्हा खुलासा केला की राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांना टॅगची स्थिती तत्काळ कळते, पण राज्यांचे काही नाके जुन्या पद्धतीवर आहेत. म्हणून टेम्पो दारातून निघण्यापूर्वी शिल्लक पाहावी. १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग चालत नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट असा नियम आला. ड्रायव्हरच्या फोनवर यूपीआय असेल आणि त्यात दोन-चारशे रुपये पडून असतील, तर निदान दुपटीचा मार टळतो.

पैसे जास्त कापले गेले तर

टेम्पो दारात उभा आणि संदेश येतो की अमुक नाक्यावर पैसे कापले. असे घडते. टॅग वाचला गेला नाही की नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबर हाताने टाकतो, आणि एक आकडा चुकला की भुर्दंड दुसऱ्याला. प्राधिकरणाने अशा चुकीच्या कपातीसाठी नाका चालवणाऱ्यांना लाख रुपयांचा दंड लावायला सुरुवात केली आहे. तक्रार मात्र आपणच करायची असते, टॅग देणाऱ्या बँकेकडे, आणि राष्ट्रीय महामार्गाचे प्रकरण असेल तर १०३३ या क्रमांकावरही. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. बँकेचा दूरध्वनी क्रमांक टॅगच्या पाकिटावरून किंवा पासबुकावरून घ्यावा, मोबाइलवर शोधून वर आलेला पहिला क्रमांक फिरवू नये. त्या मार्गाने फसलेले लोक आहेत.

शिल्लक भरपूर, टॅग चालू, आणि नाक्याचेच यंत्र बंद पडले तर काय? २०१८ च्या नियमाप्रमाणे अशा वेळी गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. ड्रायव्हरला हे माहीत असले तर तो शांतपणे मागू शकतो. माहीत नसले तर रोख देऊन मोकळा होतो.

२०२२ मध्ये एक चित्रफीत सगळीकडे फिरली होती, काच पुसणारा मुलगा मनगटी घड्याळाने टॅगमधले पैसे चोरतो अशी. ती खोटी होती. टॅगमधून पैसे फक्त नोंदलेल्या नाक्यांसारख्या ठिकाणीच जातात, माणसाकडून माणसाकडे जात नाहीत. काच पुसणाऱ्या गरिबाला उगीच हाकलू नये.

हिशेबाच्या वहीबद्दल दोन शब्द. टॅगच्या खात्याचा महिन्याचा उतारा बँकेकडून मिळतो, त्यात नाका, तारीख, वेळ आणि रक्कम असते. तो छापून बिल्ट्यांच्या फाइलीत लावावा. टोलवर जीएसटी नाही, त्यामुळे त्याची वजावट मागता येत नाही, पण धंद्याचा खर्च म्हणून तो दाखवता येतो, आणि उताऱ्याहून चांगला पुरावा नाही. चाचांकडे मात्र पहिल्या सहा महिन्यांचा उतारा नाही. तो जुन्या मालकाच्या नावावर आहे, आणि बँक तो दुसऱ्याला देत नाही. त्यांच्या मुनीमजींनी त्या रकमा सध्या पेन्सिलने लिहून ठेवल्या आहेत आणि नाशिकच्या त्या गृहस्थांना विनंतीचा एक फोन आणखी व्हायचा आहे.